साच्यातली ओल

इंदू,

परवा तुझी तेरवी झाली. जेवणं आटोपली, पाहुणे पांगले, आणि तुझ्या सासूनं माझा हात धरून मला अंगणाच्या कोपऱ्यात नेलं. तिथे सुपात, धानाच्या कोंड्यावर, मातीचा एकच साचा ठेवला होता. ताप यायच्या आधी तू केलेलं शेवटचं मेण त्याच्या पोटात होतं. "उद्या ओतू," अनसूयाबाई म्हणाली. "तू थांब." मी मान हलवली. भट्टी पेटवायच्या आधी तुमच्या अंगणात काय विचारतात ते मला ठाऊक होतं. मागची सात वर्षं मी त्याला काय उत्तर देत आले, तेही मलाच ठाऊक होतं.

काल काय झालं ते तुला सांगायचं आहे. पण मधूनच सुरू केलं तर तू म्हणशील, "डोस्कं कुठी अन् शेपूट कुठी व?" म्हणून डोक्यापासून सांगते. यातलं बरंचसं तुला माहीत आहे. एक गोष्ट नाही.

आपली ओळखच भांडणानं झाली. चंद्रपूरला परकोटाच्या आत अब्बूंचं कल्हईचं दुकान. घरोघरी स्टील आल्यावर कल्हईला कोण विचारतो, म्हणून मी पितळेला पॉलिश करायची मशीन लावून घेतली होती. तू आणि देवरावभाऊ एसटीनं आलात, तू पिशवीतून एक पितळी जनावर काढून फळीवर ठेवलंस. मी म्हटलं, "उंदीर झकास जमलाय." तू जनावर परत पिशवीत घातलंस आणि पायरी उतरून चालू लागलीस. तुझा नवरा मागून, "अवं थांब ना, त्यायले काय मालूम!" मला ओढणी सावरत पळावं लागलं. "मुंगूस हाय थे," तू भर रस्त्यात माझ्यावर डाफरलीस. "दोन दिवस बिळापाशी बसून पाह्यलं मी त्याले. अन् तू उंदीर म्हनते!"

मी माफी मागितली आणि भरपाई म्हणून त्या मुंगसाला असं पॉलिश केलं की त्यात तोंड दिसावं. आठ दिवसांनी तू ते न्यायला आलीस आणि बघून मटकन खालीच बसलीस. त्याच्या केसांच्या रेघांमध्ये भट्टीचं काळं बसलं होतं, ते मी सगळं खरवडून काढलं होतं. "जनावर कधी न्हाऊन-धुऊन उभं राह्यते का व?" तू म्हणालीस. लोकांना चकचकीत लागतं, असं माझं म्हणणं. लोकांनी मग स्टीलचा गिलास गळ्यात घालावा, असं तुझं. दहा वर्षं आपण हेच भांडत होतो. शेवटी तह झाला तो असा, की जनावराच्या अंगावर जिथं हात फिरवावासा वाटेल तेवढीच जागा मी उजळायची, बाकीचं काळं तसंच ठेवायचं. मुंगसाची पाठ, घोरपडीचा माथा, चितळाच्या नाकाचा शेंडा. अजूनही मला वाटतं की तू जरा जास्तच काळं ठेवायला लावायचीस. आता वाद घालायला कोणी नाही, तर जिंकूनही काय करू?

मग मी तुझ्या गावाला यायला लागले. मूल गावावरून पुढे, नदीच्या अंगाला. शहरातल्या पोरीला तू काय काय दाखवलंस, आठवतं? लाकडी पिचकारीतून मेणाचा दोरा कसा काढायचा, तो मातीच्या गाभ्यावर कसा गुंडाळायचा, त्यावर वारुळाची मऊ माती, मग कोंडा घातलेली जाड माती. आग लागली की मेण वितळून जातं आणि जी जागा रिकामी होते तिथं पितळ जातं. साचा फोडल्याशिवाय आतलं बाहेर येत नाही, म्हणून तुमच्याकडे एकासारखं दुसरं कधी झालं नाही. मोहाची फुलं गोळा करून तू त्यांचे मणी ओतायचीस. खवल्या मांजराच्या पाठीवरून एकेक खवला उचलल्यासारखं गळ्यातलं केलं होतंस, त्याच्या कडीला चिमुकली घोरपड, स्वतःची शेपूट तोंडात धरून बसलेली. "गळ्यात घाल," तू म्हणायचीस, "पन असं घाल का जंगलात गेली तं जनावरानं वळखलं पाह्यजे." तुझ्यामुळे मी बघायला शिकले, इंदू. दुकानातल्या ट्यूबलाइटमागची पाल सरकायच्या आधी कुठला पाय उचलते, हे मला तुझ्याआधी माहीत नव्हतं. आता ते मला रोज दिसतं.

आणि तुझी सासू. साचे वाळवायचं काम अनसूयाबाईचं. सकाळी उठून ती एकेक साचा उचलायची आणि गालाला लावायची. डोळे मिटून क्षणभर उभी राहायची. वाळला असेल तर भट्टीकडे, ओल असेल तर परत सावलीत. बोटांना कळत नाही, गालाला कळतं, असं तिचं म्हणणं. तिचा गाल कधी चुकला असं गावात कोणाला आठवत नव्हतं.

त्यानंतर तो प्रश्न. गोवऱ्या पेटवायच्या आधी अंगणात जेवढे असतील तेवढ्यांना गोल बसवून ती एकेकाला विचारायची, "मन साफ हाय का?" ज्याच्या मनात काही असेल त्यानं तिथंच सांगायचं. भांडण असेल तर भांडून घ्यायचं. मगच विस्तव. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते, आमच्या मशीनला कोणी असं विचारत नाही म्हणाले होते. "तुह्या मशीनले वायर हाय," अनसूयाबाई म्हणाली, "माह्या भट्टीले मानसं हाय." एकदा देवरावभाऊनं कबूल केलं की तुझ्या माहेरचं आंब्याचं लोणचं त्यानं एकट्यानं संपवलं आणि आळ मांजरीवर घातला. तू त्याला सगळ्यांसमोर असं धुतलंस की अर्धा तास आग लागली नाही. मीही एकदा सांगून टाकलं की चंद्रपुरात मी अजून तुझ्या मुंगसाला उंदीरच म्हणते. म्हणजे मला ती रीत माहीत होती. तिथे खरं बोलता येतं, खरं बोलल्यावर माणसं भांडतात, मग चहा पितात, आणि कोणी मरत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरीही.

सात वर्षांपूर्वी, त्या श्रावणात तुम्ही भट्टी लावणारच नव्हता. पावसाळ्यात माती वाळत नाही, गोवऱ्या ओल्या, तुमच्याकडे पोळ्यापर्यंत हात बंद. नागपूरच्या प्रदर्शनासाठी चाळीस गळ्यातली देते असं मी तुला न विचारता कबूल करून बसले होते. तू म्हणालीस, "काऊन गेली व तू जबान देऊन?" मी रुसले. तू माझ्या रुसण्याला भ्यायचीस, हे मला माहीत होतं आणि मी ते वापरलं. शेवटी तू चुलीच्या वर मचाण बांधून साचे वाळवलेस. पंधरा दिवस धूर खाऊन तुझे डोळे लाल झाले होते.

आता ती गोष्ट, जी तुला माहीत नाही.

त्या सकाळी अनसूयाबाईनं सगळे साचे गालाला लावून बघितले होते आणि ओळीनं ठेवले होते. तू आत होतीस. देवरावभाऊ गोवऱ्या आणायला मागे गेला होता. मला घाई. मी मदत म्हणून साचे भट्टीजवळ न्यायला लागले, आणि एक हातातून सुटला. घोरपडीच्या कडीचा होता तो, सगळ्यांत मोठा. पोटावरून भेग गेली, बोटाच्या पेरभर. मी इकडेतिकडे पाहिलं. घमेल्यात ओली माती होती. मी ती भेगेत भरली, अंगठ्यानं दाबली, पुन्हा भरली, आणि दिसू नये म्हणून वरून राख चोपडली. मग तो साचा भेगेची बाजू खाली करून ओळीत ठेवला. राखेनं हात पुसले. एवढंच. पाच मिनिटंही लागली नाहीत.

मग आपण गोल बसलो. अनसूयाबाईनं देवरावभाऊला विचारलं. साफ हाय. तुला विचारलं. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "थोडसक होतं, हिच्यावर, हिनं मले न इचारता जबान देल्ली म्हनून. आता नाई." आणि हसलीस. मग तिनं मला विचारलं, "तुहं?"

मला वाटलं, एक साचा फुकट गेला तर चाळीसचे एकोणचाळीस होतील. मला वाटलं, तू आत्ताच हसलीस, आता पुन्हा कशाला. खरं सांगू, मला काहीच वाटलं नाही, तोंडातून आपोआप आलं. "साफ हाय."

ओल्या गोवऱ्यांची धग आतपर्यंत पोचली नसणार, भेगेतली माती ओलीच राहिली. देवरावभाऊनं वितळलेल्या पितळाची मूस उचलली, तू चिमट्यानं साचा धरलास, आणि पितळ तोंडापर्यंत आलं का ते बघायला नेहमीसारखी वाकलीस. स्फोटासारखा आवाज झाला नाही. पाण्याचा थेंब तापल्या तव्यावर पडावा तसा झाला, फक्त मोठा. साच्याच्या ठिकऱ्या उडाल्या. तू ओरडलीही नाहीस. डाव्या डोळ्यावर तळहात दाबून तू म्हणालीस, "मूस ठेव खाली, कोनाच्या पायावर सांडन." हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही, पण त्या क्षणी मी आधी तुझ्याकडे बघितलं नाही. मी ठिकऱ्यांकडे बघितलं. राख लावलेला तुकडा कुठे दिसतोय का ते. दिसला नाही. सगळं काळं झालं होतं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात महिनाभर मी तुझ्याजवळ होते. आमच्या घरून डबा यायचा, अम्मी तुझ्यासाठी वेगळ्या भांड्यात वरण करायची. लोक म्हणाले, सख्खी बहीण करणार नाही एवढं रेहानानं केलं. मी ते ऐकून घेतलं. त्याच महिन्यात गावाकडे सगळ्यांनी ठरवून टाकलं की साचा ओला होता आणि बुढीला कळलं नाही. कोणी तोंडावर बोललं नाही, पण तिनं स्वतःच सांगितलं, "माहा गाल मेला." त्यानंतर तिनं एकही साचा गालाला लावला नाही. देवरावभाऊ दोन-दोन दिवस जास्त वाळवायचा, एवढंच. आणि तू, जी सासूला माय म्हणायचीस, तू दिवाळीपर्यंत तिच्याशी धड बोलली नाहीस. ती तुला ताट वाढायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. मी येऊन दोघींच्या मधे बसायचे, समजूत घालायचे. तुला म्हणायचे, म्हातारी आहे, चुकते. इंदू, हे मी म्हटलं. या तोंडानं म्हटलं.

एका डोळ्यानं तू पुन्हा काम सुरू केलंस. त्यानंतरची तुझी सगळी जनावरं मान वळवून बघतात. चितळ, मुंगूस, घोरपड, सगळ्यांची मान डावीकडे. नागपूरला एक बाई बराच वेळ तुझं चितळ हातात घेऊन उभी होती, म्हणाली, काय लचक आहे मानेला, किती विचार केला असेल! मी हो म्हटलं. तू विचारबिचार केला नव्हतास. डावीकडचं काही बघायचं तर तुला अख्खी मान वळवावी लागायची, आणि तुझ्या बोटांना आता जनावर तसंच ठाऊक होतं. आणि तुझ्या डावीकडे कोण बसायचं? मी. अपघातानंतर मी नेहमी तुझ्या डाव्या हाताला बसायचे. तुला वाटायचं, काही पडलं-झडलं तर द्यायला. मी बसायचे ते तुला माझं तोंड दिसू नये म्हणून. तुझी सगळी जनावरं माझ्याकडे बघतात, इंदू. दुकानात फळीवर बारा आहेत, मी त्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवली होती.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. आमच्यात निघताना म्हणतात, कहा-सुना माफ, म्हणजे बोलण्या-वागण्यात काही चुकलं असेल तर माफ करा. हजला निघताना अम्मी तर गल्लीतल्या एकेका दारात जाऊन म्हणाली होती. मी तुझ्याकडून एसटीला निघताना दर वेळी म्हणायला लागले, "कहा-सुना माफ." तुला त्याची मोठी गंमत वाटायची. "काय माफ करू ते नीट सांग ना व," तू ओरडायचीस, "उंदीर म्हनली थे का काळं घासलं थे?" गाडीतली माणसं हसायची. मीही हसायचे आणि खिडकीशी बसून मूल येईपर्यंत ओठ चावत राहायचे.

गेल्या महिन्यात तुला ताप आला आणि तो डोक्यात चढला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तू मला ओळखत होतीस आणि नव्हतीसही. तुझा हात गादीवर मेणाचा दोरा वळत होता. मी वाकून तुझ्या कानाशी म्हटलं, कहा-सुना माफ. तू मान डावीकडे वळवलीस. ओठ हलले. तू "काय" म्हणालीस असं मला वाटलं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात नर्स आली सलाइन बदलायला, आणि मी तोंड मिटलं. नर्स दोन मिनिटांत गेली असती. मी बाहेर जाऊन बाकावर बसले. संध्याकाळी देवरावभाऊ बाहेर आला आणि त्याला काही बोलावं लागलं नाही.

आता कालचं.

सकाळी ऊन चांगलं होतं. अंगणात आम्ही तिघंच, आणि मधे तुझा साचा. अनसूयाबाईनं तुझ्या बसायच्या जागेवर कोणाला बसू दिलं नाही. मी सवयीनं त्या जागेच्या डावीकडे बसले. तिनं देवरावभाऊला विचारलं, "मन साफ हाय का?" तो साच्याकडे बघत म्हणाला, "साफ हाय, माय." मग ती रिकाम्या जागेकडे बघून थांबली, जणू तुझं उत्तर यायचं होतं. मग माझ्याकडे वळली. "तुहं?"

मी म्हटलं, "नाई."

तिनं मांडीवर हात ठेवले आणि थांबली, तुमच्याकडे थांबतात तशी. मी सगळं सांगितलं. हातातून सुटलेला साचा, भेग, घमेल्यातली माती, राख. भेग किती होती ते बोटावर दाखवलं. तुझ्या रिकाम्या जागेकडे बघून सांगितलं, कारण दुसरीकडे बघवेना. देवरावभाऊ उठला. माझ्याकडे न बघता घराच्या मागे गेला, आणि तिकडून लाकडं फोडल्याचा आवाज यायला लागला. लाकडांची काही गरज नव्हती. तो अजून माझ्याशी बोललेला नाही आणि बोलेल असं मला वाटत नाही.

अनसूयाबाईनं हात उचलला आणि स्वतःच्या गालावर ठेवला.

"सात वर्सं," ती म्हणाली. "सात वर्सं मी या गालाले शिव्या देल्या." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "अन् माही सून माह्याशी बोलली नाई. तू मधात बसून आयकत होती."

"हो," मी म्हटलं.

"तिले सांगतलं?"

"नाही."

मला वाटलं आता ती जा म्हणेल. गेले असते, इंदू. पिशवी उचलली होती मी. ती हात टेकत उठली, सुपाजवळ गेली आणि तुझा साचा उचलला. मला वाटलं स्वतःच्या गालाला लावेल. तिनं तो माझ्यापुढे आणला आणि माझ्या हातात दिला. वजनदार होता. "पाह्य," ती म्हणाली. "वाळला का सांग. आता हे काम तुह्या गळ्यात."

मी डोळे मिटले आणि साचा गालाला लावला. माती गार लागली, ओली लागली. मी घाबरून म्हटलं, "ओला आहे."

अनसूयाबाईनं माझ्याकडे बघितलं.

"साचा नाई व," ती म्हणाली. "तुहा गाल वला हाय. पुस पह्यले. मंग लाव."

मी ओढणीनं गाल पुसला. दोनदा पुसावा लागला. मग साचा फिरवून दुसरी बाजू पुन्हा लावली आणि ती करायची तशी थांबले.

कोरडा होता.